गळ्यातली कडी

वरचा सी हा सूर वाजवण्याआधी माझ्या गळ्यात कडी लागायची. दाराची लागते तशीच, बारीक 'खट्' करून. आत छातीभर हवा, पुढे ओठांना लावलेला ट्रंपेट, आणि या दोघांच्या मधे बंद झालेलं दार. मग मी ते दार ढकलायचे. ढकललं की कधीकधी सूर बाहेर यायचा, पण फटीत बोट सापडलेल्या माणसासारखा, चिरका आणि रडवा. बहुतेक वेळा तोही नाही. नुसती हवा फुसफुसायची आणि ओठांवर माउथपीसचा लाल गोल उमटलेला राहायचा.

खालचे सूर वाजवताना असं काही व्हायचं नाही. मधले सूरही ठीक यायचे. साधारण जी हा सूर ओलांडला की हनुवटी आपोआप वर जायला लागायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि मला कळायचं, आता कडी लागणार. कळूनही काही करता यायचं नाही. हेच सगळ्यात वाईट होतं.

लखनौला बदली होऊन आले तेव्हा माझा आणि ट्रंपेटचा संबंध सुटून जमाना झाला होता. नागपूरला शाळेत मी मुलींच्या बॅंडमध्ये होते. दहावी झाली, वाद्यं शाळेत राहिली, मी बाहेर पडले. पुढे बॅंकेची नोकरी, लग्न, लेक, बदल्या. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण एका नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनर मंडळी हयातीचे दाखले द्यायला आली होती, त्यांतले एक गृहस्थ हातात काळी लांबट पेटी घेऊन रांगेत उभे होते. गार्ड त्यांना म्हणत होता, "बाबूजी, बक्सा नीचे रख दीजिए," आणि ते ठेवायला तयार नव्हते.

मी केबिनमधून बाहेर आले. "ट्रंपेट है ना?"

"जी. आपने कैसे जाना?"

"पेटी देखके. मैं बजाती थी. स्कूल में."

"'थी' से काम नहीं चलेगा," ते म्हणाले. "इतवार को अलीगंज आइए."

हे आमचे सर. एका शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. अलीगंजमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आठदहा हौशी माणसं जमवून ते बॅंड चालवत. मी कुठूनसा जुना ट्रंपेट मिळवला आणि जायला लागले. ट्रंपेटवर आम्ही दोघंच होतो. मी, आणि आलमबागला दवाखाना असलेले एक दातांचे डॉक्टर. डॉक्टर माझ्याहून बरेच लहान, सतत हसणारे, आणि वरचे सूर असे काढायचे की जणू खिशातून रुमाल काढताहेत. बाकी त्यांचं वाजवणं जरा गबाळं होतं. माझं नीटनेटकं. सर म्हणायचे, या दोघांचा मिळून एक चांगला ट्रंपेटवाला होईल.

थंडीतल्या कार्यक्रमासाठी सरांनी एक धून बांधली होती. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात. चार मात्रा पूर्ण शांतता. आणि मग एकटा ट्रंपेट सरळ वरच्या सीवर उभा राहतो, लांब, आणि तिथून हळूहळू खाली उतरतो. सरांनी विचारलं, "कौन बजाएगा?" आणि मी हात वर केला.

तेव्हा हा सूर मला येत नव्हता. तरी मी हात वर केला, कारण मला तो हवा होता. माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी वाटून दिलेल्या होत्या. गाव, शाखा, खुर्ची, अगदी सुट्टीसुद्धा. मी त्या नीट सांभाळल्या. हा सूर मात्र मी मागून घेतला होता, आणि मागून घेतलेली वस्तू परत करायची मला अजिबात इच्छा नव्हती.

सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक है. नीचे के सुर आपके साफ़ हैं, ऊपर का भी हो जाएगा."

झाला नाही.

मी कामाला पद्धतशीर लागते. बॅंकेत मला त्यावरून चिडवतातही. तेव्हा मी गळ्याच्या बाबतीत ज्या ज्या गोष्टी करता येतील त्या कागदावर मांडल्या आणि एकेक करून पाहायला घेतल्या. सकाळी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. दही बंद, लोणचं बंद, लखनौच्या थंडीत जे खाण्यासाठी लोक वाट पाहतात ते बहुतेक सगळं बंद. मानेचे व्यायाम. शिवाय प्राणायाम, आणि त्यातही श्वास आत घेऊन रोखून धरायचा कुंभक, तो रोज थोडा थोडा वाढवत. मला वाटलं, दमसास वाढला की सूर येईल. दमसास वाढला. कडी आणखी घट्ट लागायला लागली.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून नळी घालून आत पाहिलं, मला स्क्रीनवर दाखवलं.

"गला तो चकाचक है, मैडम."

"फिर बंद क्यों होता है?"

"मेरे सामने तो नहीं हो रहा. खुश होइए."

मी खुश झाले नाही. काहीतरी निघालं असतं तर त्यावर औषध असतं. गळा निर्दोष आहे म्हणजे दोष माझ्यात कुठेतरी आहे, आणि तो कुठे ठेवलाय ते मलाच सापडत नाही.

घरी सराव करणं हाही एक प्रकारच होता. आम्ही वृंदावन योजनेत राहतो, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. डिसेंबरात धुक्यामुळे खिडक्या तशाही बंद असतात. मी सरावासाठी दारही बंद करायचे. तरी आवाज जायचाच. वरच्या मजल्यावरच्या आंटी एकदा जिन्यात भेटल्या.

"मैडम, आपके यहाँ रोज़ बारात आती है. दूल्हा नहीं आता?"

त्यानंतर मी बेडरूममधलं मोठं कपाट उघडून आतल्या रजयांमध्ये ट्रंपेटचं तोंड खुपसून वाजवायला लागले. रजया आवाज गिळून टाकतात. एक बरं झालं, आंटींची झोप वाचली. पण कपाटात तोंड घालून, डांबरगोळ्यांच्या वासात, स्वतःचाच सूर गुदमरताना ऐकत उभं राहायचं म्हणजे काय हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पाठीमागे हीटर, पुढे कापूस, आणि गळ्यात कडी.

लेक दारात येऊन उभी राहायची. कॉलेजात आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. "मम्मा, रजाई को सुना रही हो?"

"तुला काही हवंय का?"

"नहीं. बस देख रही थी कि रजाई ने क्या कहा."

नवरा एवढा पुढे जायचा नाही, पण एकदा म्हणाला, "तू इतकी ताठ काऊन उभी राहते? राष्ट्रगीत आहे का?" मी म्हटलं, पोश्चर सांभाळतेय. तो म्हणाला, "अगं, पोश्चर नाही, तू घाबरून उभी आहेस." मला राग आला, कारण ते खरं होतं.

ऑफिसला जाता-येताना मी ट्रंपेटपासून काढलेला नुसता माउथपीस ओठांना लावून गुणगुण करायचे. ओठ थरथरवायचा हा सराव असतो, आवाज माशीसारखा येतो. आलमबागच्या जॅममध्ये गाडीची काच थोडी उघडी होती, तेव्हा शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून विचारलं, "आंटी, हॉर्न ख़राब है क्या?"

गंमत म्हणजे नुसत्या माउथपीसवर, जॅममध्ये, ब्रेकवर पाय ठेवून बसलेली असताना सी कधीकधी सहज यायचा. हे मी नोंदलं होतं. पण का, याचा विचार केला नव्हता. मला वाटलं, ट्रंपेट नाही म्हणून येतो.

रविवार जवळ आला की धास्ती वाटायला लागली. आधी शनिवारी. मग शुक्रवारी. पुढे पुढे बुधवारी दुपारी एखाद्या फायलीवर सही करताना आठवण व्हायची आणि सही करता करताच गळा आवळायचा. वाद्य घरी, मी शाखेत, आणि कडी लागलेली. एका ग्राहकाने विचारलंही, "मैडम, तबीयत ठीक है?" मी पाणी प्यायले. पाणी मात्र गळ्यातून सरळ खाली गेलं.

तालमीत ती चार मात्रांची शांतता आली की मला हॉलच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. सरांचा हात हवेत: एक, दो, तीन, चार. सगळे माझ्याकडे पाहत नसायचे, पण मला तसंच वाटायचं. मी पहिल्या मात्रेला भरपूर श्वास भरून घ्यायचे. इतका की खांदे कानांपर्यंत यायचे. आणि मग उभी. दोन. तीन. चार. खट्.

एकदा त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "मैडम, बुरा मत मानिए, नोट से पहले आप खाँसती हैं क्या?"

"नाही. क्यों?"

"एक 'क्क' सा आता है. जैसे कोई डब्बा खोल रहा हो."

"खोल नहीं रहा," मी म्हटलं, "बंद कर रहा है."

सगळे हसले. मीही हसले. हसून झाल्यावर सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला जे ऐकायचं नव्हतं ते बोलले. कार्यक्रम तोंडावर आलाय. पुढच्या रविवारी शेवटचं ऐकू. आला तर आला, नाही तर तो सूर डॉक्टर वाजवतील. मॅडमनी खालची बाजू धरावी, ती त्यांच्यासारखी कुणी वाजवत नाही.

"या फिर," डॉक्टर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, "मैडम के लिए इसी को नीचे कर दीजिए सर. पब्लिक को क्या पता चलेगा."

"नहीं," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण क्लॅरिनेटवाले काका दचकले.

सर माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही, कुतूहलाने. "अच्छा, एक बात बताइए. उन चार मात्राओं में आप करती क्या हैं?"

"कुछ नहीं सर. दम धरती हूँ."

"क्या धरती हैं?"

"दम."

"दम धरती हैं? धरके रखती कहाँ हैं?"

"मैडम, दम भरते हैं, दम लेते हैं, दम तोड़ते भी हैं," डॉक्टर म्हणाले. "ये धरना मैंने पहली बार सुना. आपके यहाँ धरने पर बैठता है क्या दम?"

पुन्हा हशा. मी थोडी चिडले. माझी हिंदी नागपूरची आहे आणि इतक्या वर्षांत चांगली झाली आहे असा माझा समज होता. मी म्हटलं, "हमारे में बोलते हैं. बचपन से सिखाया है. दम धर, फिर बजा."

"मतलब क्या हुआ इसका?" सरांनी विचारलं.

"मतलब..." मी म्हटलं, आणि थांबले.

मराठीत 'दम धर' म्हणजे काय हे हिंदीत सांगण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात आली नव्हती. मी शब्द शोधला आणि जो सापडला तो हा होता: ज़रा सब्र करो. ठहरो. जल्दी मत करो. त्यात श्वासाचा कुठे पत्ताच नव्हता.

"मतलब, सब्र करो," मी हळूच म्हटलं.

"तो सब्र कीजिए ना," सर म्हणाले. "साँस क्यों रोकती हैं?"

त्या क्षणी मला नागपूरच्या बॅंडच्या बाई दिसल्या. पांढरी साडी, गळ्यात शिट्टी, मैदानावर धूळ. मी तेव्हा नऊदहा वर्षांची असेन आणि मला कशाचीच वाट पाहता यायची नाही. बाकीच्या मुली विश्रांतीच्या मात्रा मोजत असायच्या आणि मी दोन मात्रा आधीच फुंकून मोकळी व्हायचे. बाई ओरडायच्या, "अगं, दम धर ना! काऊन घाई करते? दम धर, मग वाजव." दर वेळी तेच. मी आज्ञाधारक मुलगी होते. दम म्हणजे श्वास, धर म्हणजे धर. मी श्वास भरून घेतला आणि धरून ठेवला. तो धरला की फुंकताच यायचं नाही, म्हणजे चूकही व्हायची नाही. पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "शाब्बास! आता कसं बरोबर आलं."

शाबासकी मिळाली म्हणजे पद्धत पक्की झाली. शाळेच्या बॅंडमध्ये वरचा सी कुणी वाजवतच नव्हतं; आमच्या कूचच्या धुना सगळ्या मधल्या पट्टीतल्या. तिथे श्वास धरून ठेवला काय आणि नाही काय, फरक पडायचा नाही. मोठेपणी वर चढायला गेले तेव्हा तोच धरलेला श्वास आडवा आला. श्वास धरायचा म्हणजे गळा बंद करायलाच लागतो, दुसरा मार्ग नाही. पोतं उचलताना माणूस करतो तसं. चार मात्रा दार लावून ठेवायचं आणि चौथीनंतर त्याच क्षणी ते सताड उघडेल अशी अपेक्षा करायची. ते उघडत नव्हतं आणि मी गुळण्या करत होते.

हे सगळं मी तिथे सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सर, मुझे लगता है मैंने एक शब्द ग़लत समझा था."

"कब?"

"तीसरी-चौथी क्लास में."

डॉक्टरांनी या वेळी हसणं आवरलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता सगळं सोपं झालं असं कुणाला वाटेल. मलाही त्या दिवशी अलीगंजहून परत येताना वाटलं होतं. कारण सापडलं, कारण काढून टाकायचं, काम संपलं. घरी आल्याबरोबर कपाट उघडलं, चार मात्रा मोजल्या आणि श्वास धरायचा नाही असं ठरवून उभी राहिले. खट्.

ठरवून काही होत नव्हतं. मी आयुष्यभर विश्रांतीच्या मात्रांमध्ये काहीतरी करत आले होते. आता काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच न करणं हे मला कधीच जमलेलं नाही. फोनवर सरांना विचारलं, श्वास रोखायचा नाही तर मग करू काय त्या वेळात? ते म्हणाले, "जो बस के इंतज़ार में करती हैं. साँस लीजिए, छोड़िए, मामूली साँस. आख़िर वाली मात्रा पर जितनी चाहिए उतनी लीजिए और वहीं से मुड़ जाइए. बीच में ब्रेक नहीं."

"थोड़ी साँस में ऊपर का सुर कैसे आएगा?"

"ऊपर के सुर को हवा कम चाहिए, मैडम, तेज़ चाहिए. आप टंकी भर रही हैं, उसे सुई जितनी धार चाहिए."

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती असं नाही. सरांनीच सांगितली असेल. पण कडी लागलेल्या माणसाला धारेचं काय कौतुक.

तो आठवडा वाईट गेला. आधी निदान मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि तरी प्रत्येक वेळी तीच गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडत होती. फोन वाजला तरी मी श्वास धरायचे. लिफ्टची वाट पाहताना धरायचे. वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावलं की दाराबाहेर उभी राहून धरायचे. दूध उतू जाईल का म्हणून गॅसपाशी उभी असतानाही. मी दिवसभर कशाकशाची वाट पाहते आणि प्रत्येक वेळी गळ्याला कुलूप लावून पाहते, हे एकदा लक्षात आल्यावर ते दिसायचं थांबेना. गाडीत तेवढा गळा सुटलेला असायचा. आलमबागच्या जॅममध्ये कुणी कशाची वाट पाहत नाही, कारण काही होणार नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तिथे सी यायचा.

तेव्हा मी जॅमचाच सराव केला. कपाटापुढे स्टूल ठेवून बसायचं, ट्रंपेट मांडीवर, आणि नुसता श्वास चालू द्यायचा. आत, बाहेर. मग कधीतरी, न मोजता, उचलायचा आणि जो श्वास चालू असेल त्याच्याच पाठीवर सूर सोडायचा. मोजून वाजवण्याची सवय असलेल्या बाईला न मोजणं म्हणजे छळ होता. दहा वेळा केलं तर एखादा यायचा, लहानसा, उंदरासारखा. पण त्यात कडीचा आवाज नसायचा. शुक्रवारपर्यंत जरा जास्त यायला लागले. शनिवारी एकही आला नाही.

रविवारी हॉल थंड होता. वाद्यांचा धातू इतका गार की माउथपीस मुठीत धरून ऊब द्यावी लागत होती. सरांनी धून मध्यापासून घेतली. सगळी वाद्यं थांबली. एक. मी साधा श्वास घेतला. दोन. सोडला. तीनला मला वाटलं, सगळे पाहताहेत, ही बाई नुसती श्वास घेत उभी आहे, आणि तेवढ्यात हात न लावता कडी लागली. फुसफुस. लाल गोल.

डॉक्टर त्यांच्या ट्रंपेटचे वॉल्व्ह उगाच दाबून पाहत होते. त्यांनी तो सूर घरी बसवून आणला होता हे उघड होतं, आणि त्यांनी तसं करणं बरोबरच होतं.

"सर, एक बार और," मी म्हटलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "एक बार. उसके बाद हमें आगे बढ़ना है."

पुन्हा मध्यापासून. पुन्हा सगळे थांबले. या वेळी मी सरांच्या हाताकडे पाहिलंच नाही. हॉलच्या खिडकीबाहेर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. किल्ली लागत नव्हती. तो थांबला, पुन्हा लावली. मी त्याच्याकडे पाहत श्वास घेत राहिले आणि चौथ्या मात्रेवर जेवढा आत आला तेवढ्यावरच वळले.

सी आला. पूर्ण आला, लांब टिकला, उतरताना कुठे अडखळला नाही. मोठा मात्र नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी वाजवत असावं तसा.

"छोटा है," सर म्हणाले.

"छोटाच येईल," मी मराठीतच म्हणून गेले. मग म्हटलं, "बड़ा करूँगी तो बंद हो जाएगा, सर. मुझे इतना ही चाहिए."

सर विचार करत राहिले. मला तेव्हा कळलं की मी श्वास धरलाय, आणि मी तो सोडला.

"कम से कम डब्बा तो नहीं खुला," डॉक्टर म्हणाले.

"बाक़ी लोग उतरते वक़्त धीमे बजाएँगे," सर शेवटी बाकीच्यांना म्हणाले. "मैडम के सुर से नीचे रहिए, सब. और मैडम, वहाँ 'एक बार और' नहीं होगा."

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. धुकं दुपारी उठलं होतं आणि बऱ्यापैकी ऊन होतं. खुर्च्यांवर पालक, शेजारपाजारचे लोक, पुढच्या रांगेत शाली पांघरलेले ज्येष्ठ. नवरा मागे उभा राहून मोबाइल धरून होता. धास्ती होतीच. ती गेली नव्हती, आजही जात नाही. मध्य आला. सगळे थांबले. पुढच्या रांगेतले एक आजोबा शेंगा सोलत होते. शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, साल फुंकरीने उडवलं. ते संपूर्ण मैदानात एकटेच काही करत होते आणि आम्ही सगळे त्यांची वाट पाहत असल्यासारखे उभे होतो. मी श्वास घेतला, सोडला, घेतला, आणि वाजवलं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण उतरण्याच्या सुरांवर लक्ष द्यावं लागतं. टाळ्या वाजल्या, त्या सगळ्यांसाठी होत्या. डॉक्टरांनी कोपराने ढोसलं. सर पुढच्या धुनेची पानं लावत होते.

कार्यक्रम संपल्यावर लेक स्टेजमागे आली. हातात दोन चहाचे कप, एक माझ्यासाठी.

"अच्छा था मम्मा. पर वो ऊँचा वाला सर ने आख़िर में कटवा दिया क्या?"

"कोणता?"

"अरे वही. जिसका इतने दिन से घर में तमाशा था."

"वाजवला की मी."

"कब?"

मी चहाचा कप धरूनच ती जागा गुणगुणून दाखवली. सगळे थांबतात, मग हे.

"अच्छा, वो?" ती म्हणाली. "वो तो ऊँचा लगा ही नहीं."

"परत सांग," मी हसून म्हटलं.

"क्या?"

"आत्ता म्हणालीस ते."

तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि परत सांगितलं.